वाचायला दिलं नव्हतं

आई: हळू कशाला बोलू? दार लावलंय. आणि ऐकू गेलं तरी काय बिघडलं, तिच्याबद्दलच तर बोलतेय.

मुलगा: आई, काकू पडलीय ना आत. डॉक्टर आत्ताच सांगून गेले, तिला त्रास होईल असं काही करू नका.

आई: डॉक्टर आणखीही काही सांगून गेले. ते ऐकलंस, की आपल्या सोयीचं तेवढंच कानात घेतलंस? तुझी काकू बाथरूममध्ये पडली ती पाय घसरून नाही. रक्तदाब चढला, चक्कर आली, डोकं नळावर आपटलं. आणि चढला का? बाईसाहेबांनी गोळी सोडली.

मुलगा: मला काय माहीत ती गोळी घेत नाही ते!

आई: तुला माहीत नाही? तूच तर सोडायला लावलीस.

मुलगा: मी? मी कधी?

आई: हे काय आहे? उचल. दोन्ही हातांनी उचल, अंक कसला, वीट आहे नुसती. तिच्या उशाखाली सापडली. पान शोधायला नको, तिनं सेफ्टी पिन लावून ठेवलीय. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला वाचायला वेळ लागतो. पण आज लागला तेवढा लावला. ‘श्वसनाचे व्यायाम आणि रक्तदाबाच्या औषधांपासून मुक्ती.’ खाली चार नावं. तिसरं कुणाचं?

मुलगा: माझं.

आई: मोठ्यानं सांग की. अंक आला तेव्हा घरभर मोठ्यानं सांगत फिरत होतास.

मुलगा: आई, ते तसं नसतं. मी त्या पेपरमध्ये तिसऱ्या नंबरवर आहे.

आई: तिसऱ्या नंबरवर म्हणजे कमी खोटा का?

मुलगा: म्हणजे लिहिला तो शरीरशास्त्राच्या मॅडमनी. मी नुसता सहलेखक.

आई: सहलेखक म्हणजे काय रे? सोबत बसून लिहिणारा, की सोबत बसून चहा पिणारा?

मुलगा: तुला नाही कळायचं ते.

आई: मग कळेल असं सांग. एवढी मोठाली पोरं शिकवतोस, एका अडाणी बाईला समजावता येत नसेल तर पगार कसला घेतोस?

मुलगा: आमचा चौघांचा गट आहे. मी इंजिनिअरिंगचा, त्या मॅडम, शिक्षणशास्त्राचे एक सर आणि एक रसायनवाले. बढती हवी असेल तर छापलेले लेख दाखवावे लागतात. एकट्यानं इतके लिहायला वेळ कुणाला आहे? म्हणून प्रत्येकानं आपापला एक लिहायचा आणि त्यावर चौघांची नावं घालायची. सगळीकडे असंच चालतं.

आई: म्हणजे एकानं जेवायचं आणि चौघांनी ढेकर द्यायची.

मुलगा: माझा स्वतःचा लेख आहे ना त्यात! पुलाच्या खांबांना तडे का जातात त्यावर. तो मी मनापासून केलाय. उन्हातान्हात जाऊन खांब मोजलेत.

आई: आणि त्या तड्यांवर मॅडमचं नाव आहे?

मुलगा: आहे.

आई: म्हणजे नाडी बघणारी बाई खांब ठोकून आली! आणि तो शिक्षणवाला? त्यानं काय केलं, खांबाला पाढे शिकवले?

मुलगा: आई, चेष्टा नको करूस.

आई: चेष्टा मी करतेय? आणि छापणारे ते महाभाग कोण? सुरुवातीची यादी मी बोट ठेवून ठेवून वाचली. पूल. त्याच्याखाली दमा. मग पहिलीतल्या मुलांचा गृहपाठ. मग सांडपाणी, मग मूतखडा. सगळं एका पुठ्ठ्यात. अरे, भंगारवाल्याच्या गाडीवरसुद्धा लोखंड एकीकडे आणि रद्दी एकीकडे असते.

मुलगा: त्याला बहुविद्याशाखीय म्हणतात.

आई: हं. शब्द ऐकूनच दात दुखले माझे.

मुलगा: ती चांगली गोष्ट आहे, आई. वेगवेगळ्या विषयांच्या लोकांनी एकमेकांशी बोललं पाहिजे, एकमेकांचं तपासलं पाहिजे, असा त्यामागचा विचार असतो.

आई: मग बोललात का तुम्ही? त्या मॅडमना एकदा तरी विचारलंस का, की बाई गं, गोळी सोडलेल्या बायकांचं पुढं काय झालं?

मुलगा: नाही विचारलं.

आई: का?

मुलगा: त्यांनीपण मला खांबांबद्दल काही विचारलं नव्हतं.

आई: वा! काय पण सभ्य माणसं! कुणी कुणाच्या पानात डोकावायचं नाही.

मुलगा: आणि काकूनं तरी ते वाचायची काय गरज होती? मी तिला वाचायला दिलं नव्हतं. बघायला दिलं होतं.

आई: काय?

मुलगा: म्हणजे नाव बघायला गं. पिवळ्या पेननं नाव रंगवून तिच्या हातात दिलं. तिचे डोळे भरून आले, तिनं नावावरून हात फिरवला. संपलं. असले अंक कुणी वाचत नसतं. आम्हीसुद्धा वाचत नाही.

आई: थांब. हा लेख तू वाचलेला नाहीस?

मुलगा: वरवर वाचलाय.

आई: वरवर म्हणजे कुठवर?

मुलगा: माझं नाव बरोबर छापलंय ना, तेवढं बघितलं.

आई: शाबास! इस्त्रीच्या दुकानात उभी राहून राहून माझे पाय सुजले ते ह्यासाठी. मी दुकानात, आणि ती घरी तुझा अभ्यास घेत बसलेली. स्वतःला मूल नाही म्हणून सगळा जीव तुझ्यावर. मला काय, तुझं पुस्तक म्हणजे फडक्यानं पुसून कपाटात ठेवायची वस्तू. ती खुळी मात्र उघडून बसली. डॉक्टरला काय म्हणाली ठाऊक आहे? ‘तुमचं बरोबर असेल हो, पण हे आमच्या घरच्या मुलानं लिहिलंय. तो माझ्या वाईटाचं लिहील का?’ डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी आपली पंख्याकडे बघत बसले.

मुलगा: मग मी सांगतो ना तिला, गोळी सुरू कर म्हणून. त्यात काय!

आई: मी सांगून थकले. डॉक्टरांनी हात जोडले. तोंडात घातली तर थुंकून टाकली. का, तर तुमच्या लेखात लिहिलंय, मध्येच गोळी घेतली तर व्यायामाचा सगळा गुण जातो. बघ, लिहिलंय की नाही? डॉक्टर जाताना दारात मला म्हणाले, आज पोटात गोळी गेली नाही तर अंगावरून वारं जाईल, मग मला बोलावू नका. आता तूच आहेस. तिसऱ्या नंबरचा.

मुलगा: ठीक आहे. मी सांगतो की नवं संशोधन आलंय. पहिलं मागं पडलं.

आई: म्हणजे फाटक्याला आणखी फाटक्याचं ठिगळ. सरळ सांग की, मी लिहिलं नाही, वाचलं नाही, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही.

मुलगा: आई, सोमवारी माझी बढतीची मुलाखत आहे. समोरच्या घरात आमच्या प्राचार्यांची मेव्हणी राहते. काकू रोज तिच्याशी गॅलरीतून गप्पा मारते. एक शब्द जरी तिकडे गेला...

आई: इथं बाई जायला टेकलीय आणि तुला प्राचार्यांची मेव्हणी दिसते! लाज धुऊन वाळत घातलीस का रे? ऊठ. गोळी घे ती आणि चल आत.

(दोघं आतल्या खोलीत येतात. काकू कपाळाला पट्टी बांधून उशांना टेकून बसली आहे.)

काकू: ये राजा. किती भांडता रे दोघं! माझे श्वास मोजायचे चुकले. आता पहिल्यापासून.

मुलगा: काकू, बरं वाटतंय का?

काकू: छान वाटतंय. जरा गरगरतं एवढंच. पण ते तुम्ही लिहिलंयच की, सुरुवातीला गरगरल्यासारखं होईल, घाबरून जाऊ नये. किती बारकाईनं लिहिलंयस रे! वाचताना वाटतं, तू इथं बसून बोलतोयस.

मुलगा: काकू, ऐक ना. गोळी घे.

काकू: तू सांगतोस?

मुलगा: हो. त्याचं काय झालंय, नवं संशोधन आलंय. व्यायामाबरोबर गोळीपण लागते म्हणतात.

काकू: कुणी केलंय?

मुलगा: आहेत... बाहेरचे. मोठे लोक आहेत.

काकू: मग त्यांनी तुझं वाचलं नसेल. तू त्यांना उत्तर लिही.

मुलगा: काकू, तसं नाही करता येत...

काकू: का नाही? लगेच हार मानायची नाही. लहानपणापासून हीच तुझी खोड. कुणी मोठा आवाज केला की आपलं बरोबर उत्तर खोडून मोकळा. गणिताच्या पेपरात नव्हतास का आला खोडून? तू लिही त्यांना. तोवर मी गोळीला हात लावत नाही. माझ्यामुळं तुझं संशोधन खोटं पडायला नको.

आई: ऐकलंस? ऐकलंस ना नीट? लाव आता आणखी एक ठिगळ. दोरा देऊ का?

काकू: ताई, तुम्ही त्याला बोलू नका. कधी म्हणून त्याचं कौतुक केलं नाहीत. आज चार लोकांत नाव झालं त्याचं, तर आजही तुमचं तोंड चालूच.

मुलगा: काकू, ते मी लिहिलेलं नाही.

काकू: आणखी तिघं आहेत की त्यात. बघितलंय मी. मोठं मन आहे तुझं, सगळ्यांना बरोबर घेतोस.

मुलगा: मी त्यातली एक ओळ लिहिलेली नाही. मॅडमचा फोन आला, तुमचं नाव घालतेय म्हणाल्या. मी बरं म्हणालो.

काकू: वाचून बरं म्हणालास.

मुलगा: नाही.

काकू: मग छापून आल्यावर तरी वाचलं असशील.

मुलगा: नाही, काकू.

काकू: असं कसं? त्यात एक तक्ता आहे. माझ्याच वयाच्या बायका, माझ्यासारखंच दुखणं. त्यांच्यावर करून बघितलंय म्हणून लिहिलंय. त्या बायका तरी खऱ्या आहेत ना?

मुलगा: मला माहीत नाही.

काकू: म्हणजे नसतील?

मुलगा: असतील... नसतीलही. खरंच माहीत नाही गं मला.

काकू: मी रोज सकाळी त्यांना आठवायचे. गरगरायला लागलं की म्हणायचे, त्यांना जमलं, मला का जमू नये. त्यातली एक फार अशक्त होती असं लिहिलंय. तिची तर मला काळजीच लागून राहिली होती.

आई: बघ. बघ हिच्याकडे! नसलेल्या बाईची काळजी करत बसली, आणि असलेला दिवटा आपलं नाव नीट छापलंय का ते बघत बसला! अरे, जोडे पुसणारासुद्धा जोडा एकदा उलटा करून...

काकू: ताई, जरा गप्प बसा.

आई: मी?

काकू: हो. तुम्ही.

मुलगा: काकू, मी आत्ता मॅडमना फोन करतो. माझं नाव काढून टाका म्हणतो.

काकू: तुझं नाव काढून काय होणार? लेख तसाच राहील ना.

मुलगा: असले लेख कुणी वाचत नाही, काकू. खरंच सांगतो.

काकू: मी वाचला ना.

मुलगा: तू घरची म्हणून वाचलास. बाहेरचं कुणी नाही वाचत.

काकू: समोरच्या बाईंनाही दिला होता वाचायला. त्यांनाही हाच त्रास आहे. म्हटलं, आमच्या मुलाचं आहे, बिनधास्त करा.

मुलगा: प्राचार्यांच्या मेव्हणीला?

काकू: कुणाची कोण ते मला काय ठाऊक. त्यांची गोळी चालू आहे की सोडली, ते जाऊन विचारून ये. हे आत्ता मला सांगितलंस तेच त्यांना सांग. नवं संशोधन नको सांगूस.

मुलगा: सांगतो. आणि लेखही मागं घ्यायला लावतो मॅडमना. मुलाखतीचं व्हायचं ते होवो.

काकू: ते तुझं तू बघ.

आई: अगं, म्हणतोय ना तो. आता उगाच ताणू नकोस. चुकलं पोराचं. मी बोलते त्याला, बोलणारच, माझा हक्क आहे. पण जन्माचा वाईट नाही तो.

काकू: वाईट कोण म्हणालं? गोळी कुठाय?

मुलगा: माझ्याकडे आहे. थांब, हलू नकोस, डोकं मागं टेक. मी पाणी आणतो आणि मीच घालतो तोंडात, तू लहानपणी मला घालायचीस तशी.

आई: घे गं त्याच्या हातून. एवढा म्हणतोय तर.

काकू: ठेव तिथं स्टुलावर. माझी मी घेते.