चौदाव्या रकान्यातला शुक्र

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील अधिकारीवर्ग, आज निवृत्त होणारे आमचे साहेब, वहिनी, आणि सभागृहातील सर्व वडीलधाऱ्यांनो व सहकाऱ्यांनो,

भाषण लिहून आणलं आहे. पाठ केलं असतं, तर जे सांगायचं तेच सोयीने विसरलो असतो.

हवाई दलाच्या या चौकशी कक्षात साहेबांनी मला घेतलं, तेव्हा माझी दहावीही पुरी नव्हती. "शुद्ध लिहितोस, तेवढं पुरे," म्हणाले. आकाशात काही अनोळखी दिसलं की लोक आम्हाला कळवतात. माझी आत्या अजून विचारते, "सापडला का रे एखादा परग्रहावरचा?" काय सांगणार? आत्या, फुगे सापडतात, विमानं सापडतात, उजेडात चमकलेले बगळे सापडतात.

पण साहेब कोणाला हसले नाहीत. साक्षीदाराला गच्चीवर नेऊन हात लांब करायला लावत. "अंगठ्याएवढं होतं की नखाएवढं?" आमच्या फॉर्मचा चौदावा रकाना 'कारण' हा. तो भरण्याआधी हवामान कार्यालयाला फोन करून त्यांनी हवामान मोजायचा फुगा कधी सोडला हे विचारायचं, हा साहेबांचा नियम.

तीन वर्षांपूर्वी एका बस ड्रायव्हरकाकांचा अर्ज आला. संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, पश्चिमेला एक पांढरा गोळा स्थिर दिसला. त्यांनी गाडी थांबवून प्रवाशांनाही दाखवला. मी हवामान कार्यालयाला तीनदा फोन लावला, तीनदा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तपासणी होती आणि एकही अर्ज शिल्लक दिसायला नको होता. मी चौदाव्या रकान्यात 'शुक्र' असं टंकलं. शुद्ध टंकलं. साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

आमच्या उत्तराचं पत्र काकांच्या बस डेपोत पोचलं. ग्रहासाठी गाडी थांबवणारा म्हणून काकांना स्टिअरिंगवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवलं. "काय शुक्राचार्य, एका डोळ्याने दिसतं ना?" असं सोबती विचारू लागले.

काकांनी आम्हाला दुसरं पत्र लिहिलं. दोनच ओळी. "त्या महिन्यात शुक्र पहाटे उगवत होता. मी पहिली गाडी काढायचो, रोज समोर बघायचो."

साहेबांनी स्वतः फोन लावला. त्या संध्याकाळी फुगा सोडलेला होता. उंचावर त्याला ऊन मिळत होतं, खाली अंधारलं होतं. एवढंच.

"चौदावा रकाना कोणी भरला?" साहेबांनी विचारलं. खोलीत आम्ही चौघे होतो. मी टाचण्यांची डबी आवरत बसलो. साहेब म्हणाले, "ठीक आहे. सही माझी आहे."

चूक त्यांनी स्वतःच्या नावावर वरिष्ठांना कळवली. डेपोत जाऊन सगळ्यांसमोर काकांची माफी मागितली. काकांना गाडी परत मिळाली. साहेबांच्या सेवापुस्तकात मात्र ठपका आला आणि बढती दुसऱ्याला गेली. ठपक्याचं ते पत्रसुद्धा मीच टंकलं. तेही शुद्ध.

साहेबांना ठाऊक नव्हतं का? त्याच आठवड्यात चहा पिताना ते सहज म्हणाले, "फोन लागला नाही, तर 'कारण अद्याप कळलेलं नाही' असं लिहावं. त्यात कमीपणा नसतो." मी "हो साहेब" म्हणालो. तेव्हाही बोललो नाही. रोज त्यांच्यासमोर बसत होतो, आणि रोज उद्यावर ढकलत होतो. आता उद्या ते येणार नाहीत.

मागच्या रांगेत ड्रायव्हरकाका बसले आहेत. साहेबांनीच बोलावलंय. काका, तो शुक्र माझा होता.

अध्यक्ष महोदय, आपल्यासमोर ठेवलेल्या पाकिटात माझा लेखी जबाब आहे, तारीख-वारासह. साहेबांना बढती आता मिळणार नाही, हे मला कळतं. निदान ठपका योग्य नावावर जावा.

मला बोलू दिलंत, आपला ऋणी आहे. भाषणात काही कमी-जास्त झालं असेल, तर ते पोटात घाला. चौदावा रकाना मात्र पोटात घालू नका. तो फाइलला लावा.