काचेतले आजोबा

कॅमेऱ्याच्या दुकानात रांग काही केल्या सरकेना, म्हणून मागे उभ्या तरुणीने पुढच्या आजी-आजोबांच्या बोलण्याकडे कान लावला. आजींनी लेन्सचा फिल्टर काउंटरवर आपटला होता.

"हा परत करा."

"अगं, याची कडी फिरवली की काचेवरची चकाकी गायब! मत्स्यालयातले फोटो बघ, मासा न् मासा स्पष्ट आलाय."

"मासे काय चाटायचेत? मागच्या वेळी काचेत तुम्ही दिसत होतात."

"ते प्रतिबिंब होतं! त्यानेच फोटोची वाट लागली होती."

"कपाळ माझं! जन्मभर कॅमेऱ्यामागे उभे राहिलात. सगळ्या अल्बमांत तुमचा तेवढाच फोटो आहे."

"अगं, पण..."

"काल नात नवे फोटो बघून विचारत होती, 'आजोबा आले नव्हते?'"