खुर्चीखालचा पाट

पाठदुखीचा विषय निघालाच आहे तर चहा घेता घेता ऐका. आमचे हे मेहकरच्या कचेरीत कारकून होते. तिथली जमिनीवरची बैठक जाऊन नागपूरहून उंच खुर्च्या आल्या. यांचे पाय काही जमिनीला टेकेनात. रोज संध्याकाळी कमरेला हात लावूनच घरी यायचे.

शेवटी करीम मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "खुर्ची सरकारी हाय, तिचे पाय मी कापत नाही. तुमच्या पायाखाली पाट ठेवा."

"जेवायच्या पाटावर जोडे?" मी म्हटलं. पण दिला. चार दिवसांत कळ गेली.

मग साहेब तपासणीला आले. टेबलाखाली पाहून म्हणाले, "हे काय?"

"पाट, साहेब. पाय पोचत नाहीत."

साहेब तसेच निघून गेले. त्या दिवशी हे घरी येऊन जेवले नाहीत. "काऊन नेला मी तो पाट? आता बदली होते पाहा."

सकाळी साहेबांचा चपराशी दारात. "बाई, साहेबाले बी पाट पाह्यजे. पन तुमच्या पाटाहून उंच."

"हुद्द्याला शोभेल असा?"

"नाही जी," तो हळूच म्हणाला, "साहेबाचे पाय आनखी आखूड हायेत."