दोसुतीवरचे शत्रू

...आणि वर मलाच विचारतो, 'भाऊ, तुमचं पोट अजून दोन टाके वाढवलं तर चालेल का?' वाढव बाबा. पहिल्याच पायरीवर मरायचंय मला, पोट कमी काय आणि जास्त काय.

नाही, तुम्हाला सांगतो, दोन हजार पाच साल, आमची सातपूरची कॉलनी, आणि शेजारचा हा लखन, आठ तास कारखान्यात लेथवर आणि बाकीचे सगळे तास स्वप्नात. लहानपणी टीव्हीला कॅसेटचा गेम जोडून खेळलेला, ते चौकोनी ठिपक्यांचे गडी, ती टुकटुक गाणी, डोक्यातून गेलीच नाहीत त्याच्या. जग कुठल्या कुठे गेलं, ह्याला मात्र तसलाच जुना गेम स्वतः करायचा, घरच्या कॉम्प्युटरवर. गेम विकणारे पुण्याचे एक साहेब बघायला येणार होते. पसंत पडला तर लेथ सुटणार, जन्मभर गेमच करायचे. झोपेत हसायचा हो तो, संध्या सांगायची.

संध्या म्हणजे त्याची बायको. लखनला चित्र येत नाही, गाय काढली तर टेबल वाटतं. मग हिने ट्रंकेतून दोसुती काढली. ते जाळीचं कापड हो, फुलीचे टाके घालून त्यावर पोपट भरतात, उशीचे अभ्रे करतात, ते. म्हणाली, 'मी भरते, तुम्ही मोजा. एक टाका, एक ठिपका.' झालं. ही भरणार आणि हा बोट ठेवून मोजत कॉम्प्युटरात घालणार.

आणि काय भरलं म्हणता... पहिला टप्पा लासलगावचा बाजार, उजाडताना, ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर उभे आणि कांद्याची गुलाबी सालं वाऱ्यावर अशी सावकाश, सावकाश उडतायत. दुसरा सातपूरचा, भोंगा होऊन गेलेला, सगळीकडे धुकं, माणसं दिसत नाहीत, नुसत्या सायकलच्या घंटा. तिसरा त्र्यंबकचा डोंगर, ढगात गेलेल्या पायऱ्या आणि वर एक दिवा. खरं सांगतो, मी तर गड्याला त्या पायऱ्यांवर उभा करून चहा प्यायचो. चहा गार व्हायचा, खाली उतरावंसं वाटायचं नाही.

पण गड्याच्या हातात गलोल दिलीय, तर मारायला कोणी नको? संध्या म्हणाली, 'मी न बघितलेलं भरत नाही. राक्षस मी कुठे बघितलाय?' मग बघितलेलीच माणसं भरली तिने. बाजारात शिरायच्या पहिल्या पायरीवर मी, बनियनवर, पेपर वाचत. मी करतो काय, तर आडवा येतो. बाजारात लखनचे मामा खंडेराव, लिलाव पुकारतायत आणि तोंडातून कांदे सुटतायत. आणि डोंगरावर दिव्यापाशी, सगळ्यात मोठा शत्रू, लखनची आई कुसाबाई. ती काही फेकत नाही. पदर खोचून उभी असते आणि विचारते, 'जेवला का रे?' बस्स. आता हिला मारायचं कसं?

मामा खेळायला आले. लखनला वाटलं, आता हे भडकणार. मामांनी स्वतःला बघितलं, डोळे बारीक केले. 'माझा फेटा गुलाबी हाय, पांढरा नाय. बाकी लय झ्याक.' आणि गलोल खाली ठेवली. मी म्हटलं, मामा, मारा की. 'येडा का काय तू? भर बाजारात मी मलाच मारू?' सगळी कॉलनी येऊन गेली, हौसेने खेळली, सगळे डोंगरावर पोचले आणि सगळे तिथेच थांबले. कुसाबाईंना मारायचं कसं?

लखन म्हणाला, 'साहेब बाहेरचे आहेत, ते मारतील.' आले साहेब. मला मारलं, बघितलंसुद्धा नाही. मामांना मारलं, धुकं ओलांडलं, डोंगर चढले. वर दिव्यापाशी ती म्हणाली, 'जेवला का रे?' आणि साहेबांचा अंगठा बटणावर तसाच राहिला. ती विचारतेय, ढग सरकतायत, दिवा हलतोय... लखन खुर्चीमागे उभा, संध्या दाराआड, हातात सुई तशीच. शेवटी साहेब हळूच म्हणाले, 'फार सुंदर आहे हो. पण संपत नाही. न संपणारा गेम मी विकू कसा? ह्या बाईंच्या जागी एखादा राक्षस बसवा, मी घेतो.'

लखनला आनंद मावेना. ते गेल्या गेल्या तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि स्वतःच एक वेडावाकडा राक्षस काढला. एक बटण दाबायचं, आई जाणार, राक्षस येणार, लेथ सुटणार. बोट बटणावर ठेवलं, आणि मागून खरी कुसाबाई, हातात ताट घेऊन, 'जेवला का रे?'

त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि जेवायला बसला. रडत होता, पण दोन भाकऱ्या खाल्ल्या.

अजून लेथवरच आहे तो. डबा घेऊन निघताना हसतो आणि म्हणतो, 'भाऊ, तुम्हीच सांगा, आईला मारायचं कसं?' पटतं हो मला. आईला नाही मारायचं, मामाला नाही मारायचं, अगदी बरोबर आहे. पण एवढी कॉलनी खेळली, पुण्याचे साहेब खेळले, खुद्द आमची बायको रोज दुपारी खेळते... मला मारायचं कसं, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.