दंडातला उंदीर

परळला फिजिओथेरपीसाठी नंबर लावून यशोदाबाई आखडलेला हात सांभाळत बसल्या होत्या. शेजारी कालच हाताचं प्लास्टर काढलेले आजोबा आणि कॉलेजातलं पुस्तक वाचणारी नात.

“आजोबा, मसल म्हणजे मूळ लॅटिनमध्ये छोटा उंदीर.”

“दंडात उंदीर?”

“हात वाकवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो ना, म्हणून.”

यशोदाबाईंनी पदराआड स्वतःचा दंड चाचपला.

“म्हणजे आमची बेडकुळी,” आजोबा नातीला म्हणाले. “आम्हांला बेडूक दिसला, त्यांना उंदीर.”

“तुझी दाखव.”

“हाडकं उरलीत गो. गणपतीत मृदंग कसा वाजवू?”

“वाकव तर खरा.”

“काय हललं का?”

“हललं. पण बेडूक नाही, उंदीरच आहे.”

“असू दे. गणपतीचं उंदरावर भागतं, माझं पण भागेल.”