सगळ्यांत कमी अर्ज

बसच्या रांगेत माझ्या मागं एक तरुण आणि त्याची मावशी उभी होती. वळून बघायचा मला संकोच वाटला, म्हणून पुस्तकात डोकं खुपसून जे ऐकू आलं तेवढंच लिहितो. एखादा शब्द चुकलाही असेल.

"मावशी, मी पास झालो यावर माझाच विश्वास बसत नाही. निर्वासितांची नोंदणी करायची परीक्षा, आणि माझे अर्ज सगळ्यांत कमी. बाकीच्यांनी चाळीस भरले, मी अकरा."

"भरणार कसे? टेबल सोडून रांगेच्या शेपटापर्यंत हिंडत होतास."

"शेवटच्या माणसाला सांगायला नको? आज सगळ्यांची नोंद होणार, नंबर घ्या आणि बसा म्हणून."

"आम्ही काय रे, परीक्षेपुरते खोटे निर्वासित."

"तू कुठली खोटी?"

"खरी होते तेव्हा तू माझ्या कडेवर होतास. तीन दिवस रांगेत. पायांचं काही नाही, पण आत घेणार की परत पाठवणार, ते कोणी सांगेना. डोळ्याला डोळा लागला नाही."

"आणि आज म्हणालीस, मी तुझी मावशी, मला आधी घे."

"परीक्षकांनीच तसं म्हणायला सांगितलं होतं. तू मला सत्ताविसावा नंबर दिलास, मेल्या."

"खुर्चीही दिली."

"दिलीस. शेवटी परीक्षक माझ्याकडे आले. म्हणाले, या मुलाच्या रांगेत भीती वाटली का?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगायचं काय राहिलं होतं? त्यांनीच तर मला हलवून जागं केलं."