मागच्या शॉकची हवा

अहो, आधी ऐकून घ्या. नवी सायकल घ्या म्हणून मला सांगू नका — त्या भिंतीवर टांगलेल्या सगळ्या बघितल्या मी आत येता येता, चाकं केवढी मोठी, रंग काय भडक, आणि सीट म्हणे बटण दाबलं की खाली बसते — बसू दे! मला हीच हवीय, फक्त नवी करून. पुढचा फोर्क बदला, मागचा तो धक्के झेलणारा शॉक बदला, गिअर बदला, काय बदलायचं ते बदला, सांगाडा तेवढा हाच ठेवा आणि रंगाला हात लावू नका. जुनी आहे, मान्य. या मापाचे भाग आता सहज मिळत नाहीत, तेही मान्य. मग शोधा ना! मी टेलर आहे दादा, वडिलांचा कोट घेऊन मुलगा येतो माझ्याकडे, तर अस्तर बदलून देते, बाह्या नीट करून देते, 'नवा शिवा' म्हणून कटवत नाही. — नाही हो, माझी कुठली? मला साधी सायकल सुद्धा धड चालवता येत नाही. आमच्या ह्यांची आहे. डोंगरावर विचारा कोणालाही, 'पहिलवान' म्हटलं की लगेच सांगतील. वायरमन होते — आठवडाभर खांबावर आणि सुट्टी आली की ही घेऊन डोंगरावर. जमिनीवर असा माणूस मला जेवायला तेवढा मिळायचा.

आणि घाई आहे मला, तेही सांगून ठेवते. संध्याकाळी आमची लेक टेम्पो घेऊन येणार आहे, ही सायकल उचलायला. जावयांनी फोटो काढून विकायला टाकली पण! का? तर मागच्या सुट्टीला हे डोंगरावरून आले ते सायकल हातात धरून, ढकलत. चेहरा असा पांढराफटक. नेमकी लेक घरात. झालं — 'आई, बास आता, बाबांची सायकल बंद.' मला विचारते कोण, सांगते! मी म्हटलं, हात लावून तर बघ. अगं, सायकल जुनी झालीय, जड झालीय, जुन्या सायकलीवर कोणीही दमेल — तू बसून दाखव, दोन चढ चढून दाखव! माणसाला काही झालेलं नाही. ऑपरेशन झालं ते झालं, पोटातलं काय काढायचं ते काढलं, डॉक्टरांनी सांगितलं, झेपेल तेवढं फिरा. झेपेल तेवढं म्हणजे बंद असा अर्थ कोणत्या शाळेत शिकवतात? ते घरात बसले ना, तर महिन्याभरात मी हा माणूस घालवून बसेन. खुर्चीत बसून भिंतीकडे बघतात, मी बघितलंय ना दवाखान्यातून आल्यावर. सायकलवर बसायला लागले आणि परत माझ्याशी भांडायला लागले.

काय म्हणालात? वजन? कोणाचं, सायकलचं? — ह्यांचं. ते कशाला हवं? बरं बरं, मागच्या शॉकमध्ये हवा बसणाऱ्याच्या वजनावर भरतात, मला माहितीये, आमच्या पॅसेजमध्येच चालायचं ते. मी हॅण्डल धरायचे, हे खाली बसून छोटा पंप मारायचे आणि ओरडायचे, 'काटा बघ गं, काटा बघ.' हल्ली हाक मारत नाहीत, एकटेच करतात. तर वजन — नव्वद. लिहा नव्वद. पहिलवान उगाच म्हणतात का? दारातून आत आले की आमचा पॅसेज भरून जायचा.

लावलात पंप? बघू, काटा कुठे आहे... हा एवढा खाली? अहो, हा किती वर असायचा, मी स्वतः बघितलाय! सापडलं की नाही! गळतोय शॉक. म्हणून चढत नव्हती सायकल, मागून बसत होती ती! आता लेकीला फोन लावते आणि सांगते, बघ, तुझ्या बापात नव्हता दोष, शॉकमध्ये होता. टाका नवा, चांगल्यातला चांगला टाका — काय? गळत नाही? साबणाचं पाणी लावलंत, बुडबुडा नाही आला, ते दिसतंय मला पण. मग परत लावा. एखादं भोक बारीक असतं, शिवणीत सुद्धा सुई गेलेली लगेच दिसत नाही, कापड ताणलं की दिसते. ...नाही? नाहीच गळत.

परत वजन काय विचारता? सांगितलं ना नव्वद. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. स्वतः येऊन बसायला हवं म्हणता — ते नाही येणार. म्हणजे मी आणणार नाही. इथे चारचौघांत बसवणार, ती शॉकवरची रबराची रिंग किती सरकली ते बघणार, आणि मग मोठ्याने आकडा बोलणार — नको. घरातल्या वजनकाट्याचा सेल काढून ठेवलाय मी. हो, मीच. आणि कपड्यांचं म्हणाल तर टेलरच्या घरात कपडे ढगळ होतील का? पँट धुवायला पडली की कंबर उसवते, आत घेते, तोच धागा, तीच टीप, इस्त्री मारून परत कपाटात. शर्ट खांद्यातून घेतले. एकदा नाही, परत परत घेतले. पट्ट्याला नवीन भोकं पाडली असती तर दिसली असती, म्हणून पट्टाच तसल्याच रंगाचा आणला, लहान. ह्यांना अंगाला सगळं बरोबर बसतं. म्हणाले सुद्धा परवा, 'बघ, कपडे पूर्वीसारखेच होतात मला.' मी म्हटलं, होणारच, तुम्ही कुठे बदललात? — कोणाला बोलले नव्हते हे. लेकीला पण नाही. तुम्हाला का सांगत बसले मी? तुमच्या त्या पंपामुळे. आणि चूक केली असं मला वाटत नाही, परत वेळ आली तर परत करीन. माणूस रोज आरशात बघून खचण्यापेक्षा माझी सुई झिजलेली बरी.

थांबा. मी बसते. अहो, मी, मीच बसते सायकलवर, धरा तुम्ही. काही होत नाही, भिंतीला टेकते. — का म्हणजे? कारण वजन तेवढंच आहे आता. माझ्याएवढं. त्यांचं आणि माझं. निघालं तोंडातून, झालं समाधान? नव्वदच सांगत राहिले असते मी, कोण अडवणार होतं मला? सरका. हं... बसले. पाय उचलले. आता बघा तुमची रिंग. जास्त दाबलाय? मग कमी? बोला की!

बरोबर?

बरोबर म्हणजे, अगदी जिथे हवी तिथे? माझ्या वजनाला? — म्हणजे हवा कमी झालेली नाही. हवा कोणीतरी मापात काढलीय. या पंपासारखा पंप आमच्या घरी एकच आहे, आणि तो ह्यांच्याशिवाय कोणी हातात घेत नाही... काय तिरसट माणूस आहे! बघा तरी! म्हणून मला काटा बघायला हाक मारत नव्हते होय. मी इकडे कंबर आत घेतेय, आणि हे तिकडे एकटे बसून, गुपचूप, हवा सोडतायत. आणि मला म्हणतात कसे, कपडे पूर्वीसारखे होतात! सगळं माहीत असून डोंगरावर जातात. माहीत असून!

...

उतरवा मला. रडत नाहीये, तुमच्या दुकानात तेलाचा वास फार आहे. हे बघा दादा, शॉक नको बदलायला. फोर्क पण नको. हवा आहे तेवढीच राहू द्या, थोडी सुद्धा वर नको न् खाली नको, ह्यांच्या हाताची आहे ती. गिअर तेवढा बदला — पेडलजवळचं ते दात्यांचं चक्र लहान टाका, चढाला हलकं जाईल असं. नव्वदवाल्यासाठी नाही, आत्ताच्या माणसासाठी टाका. विचारलं कोणी तर सांगा, बायकोने सांगितलं. हो, सांगा ना, लपवायचं काय राहिलंय आता? आणि लेक येईल टेम्पो घेऊन, तिला मी बघून घेते, दारातच उभी राहीन. तुम्ही ब्रेक बघा. दोन्ही बघा, नीट, पॅड झिजले असतील तर नवे टाका — वर जाणारा माणूस आहे माझा, खाली पण यायचंय त्याला. आता बघत काय उभे राहिलात? लागा कामाला.